अकीकाने घोटलेला सांधा

फार जुनी गोष्ट आहे बरं का. नद्यांवर अजून पूल झाले नव्हते, तेव्हाची. एका नदीकाठच्या गावात गळाच्या काठ्या बनवणारी एक म्हातारी राहत होती.

बांबूच्या दोन तुकड्यांचा सांधा ती रेशमी दोऱ्याने बांधायची. वेढ्याला वेढा लावत जायची आणि मग सांबरशिंगाच्या गुळगुळीत तुकड्याने ते वेढे हळूहळू घोटायची. घोटून वेढे एकमेकांना चिकटले, मधे फट उरली नाही, की वरून लाखेचा हात द्यायचा. चाळीस वर्षं हेच काम. आता मात्र ती दमली होती. नुसती दमली म्हणजे काय, सकाळी उठतानाच दमलेली असायची. बोटं वाकडी झालेली, खांदा धरलेला, आणि दोरा गुंडाळताना हात सैल पडायचा.

हात सैल पडला की दोन वेढ्यांत फट राहायची. शिंगाने बारीक फट मिटायची, मोठी काही मिटायची नाही. मग सगळा दोरा उलगडा आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळा! एकेक सांधा तीन तीनदा उलगडून बिचारी मेटाकुटीला आली होती.

त्या गावची एक रीत होती. काठी घेणारा सांध्यावरून कापसाचा पुंजका फिरवून बघायचा. कापूस कुठे अडकला नाही, तर काठी चांगली. त्यापलीकडे कोणी काही बघत नसे.

एका बाजाराच्या दिवशी म्हातारी नवं हत्यार शोधायला निघाली. दोरा गुंडाळलेला एक तुकडा तिने सोबत घेतला होता, फट राहिलेलाच. दुकानदाराने एकेक वस्तू पुढे ठेवली. शिंपल्याच्या कडेने दोरा कातरला. काचेचा गोळा घामेजल्या हातातून निसटायला लागला. हाडाची पट्टी बरी होती, पण शिंगासारखीच सावकाश चालणारी. शेवटी तिने अकीकाचा टणक, गुळगुळीत दगड उचलला, जोर देऊन दोनदा ओढला, आणि फट दिसेनाशी झाली. दोरा दबून पसरला आणि नुसता चमकायला लागला.

दुकानदाराने सांगून पाहिलं की हा दगड सोनाराच्या कामाचा, दोऱ्यावर जपून वापरा. तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? दोरा चिरडतोय हे तिच्या बोटांना तिथेच कळलं होतं. पण एवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हणून तिने दगड घेतला. दमलेल्या माणसाला हे वाक्य फार लवकर सुचतं.

त्या महिन्यात तिने सात काठ्या केल्या. एकदाही दोरा उलगडला नाही. कापूस कुठे अडकला नाही, आणि गावाने तोंडभरून कौतुक केलं. कितीतरी वर्षांनी म्हातारीला दुपारी जरा लवंडायला मिळालं, पण झोप काही लागली नाही.

सातवी काठी शेजारच्या भोयाने नेली. त्या नदीला चढणीचे मोठे मासे वर्षातून आठच दिवस येत. तेवढ्यात धरायचे, सुकवायचे आणि पुढचे चार महिने पुरवायचे. भोयाची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि घरात दुसरं काही नव्हतं. हे म्हातारीला ठाऊक होतं.

तिसऱ्याच दिवशी भोई परत आला. हातात काठीचा निम्मा तुकडा. चांगला हातभर मासा गळाला लागला, काठी वाकली आणि सांध्याचा दोरा तटातट तुटला. मासा गेला, गळ गेला, पुढची काठीही गेली. तो ओरडला नाही, भांडला नाही. ओट्यावर येऊन बसला.

"आत्या, कापूस तर कुठं अडकला नव्हता," तो म्हणाला. "मी दोनदा फिरवून बघितला होता. ओढताना माझंच काही चुकलं का?"

म्हातारीने नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी त्याला खरं वाटलं असतं. 

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "फट होती. मला दिसली होती. मीच दाबून टाकली."

ती तशीच उठली आणि बाकीच्या सहा घरी गेली. दोन काठ्या आधीच मोडल्या होत्या, आणि ती माणसं आपल्या नशिबाला बोल लावत बसली होती. तिने प्रत्येक दारात उभं राहून आपली चूक सांगितली आणि काठ्या परत मागून आणल्या. मग भोयाची काठी आधी घेतली. नवा बांबू बसवून, उलगडत, गुंडाळत, लाख वाळेपर्यंत चढणीचे आठही दिवस सरले. तोवर मोठे मासे वर निघून गेले होते. भोयाला टोपलीभर बारीक मासे मिळाले. म्हातारीने आपल्या कणगीतलं धान्य त्याच्याकडे नेऊन ओतलं, तरी त्या बाळंतिणीने आणि म्हातारीनेही ते चार महिने अर्ध्या पोटी काढले.

म्हणून लहानथोरांनो, दमलात तर खुशाल हात थांबवा, पण चूक झाकणारं हत्यार उचलू नका. आपण झाकलेली चूक दुसऱ्याच्या ताटात वाढली जाते.