कारभाऱ्यांच्या ताटातला जिताडा

खाडीकाठच्या कोळीवाड्यातली गोमीबाई संस्थानच्या कचेरीत तीनदा जाऊन आली आणि तिन्ही वेळा वैतागून परतली. कारभारी दाजीसाहेबांनी शहराच्या पाण्यासाठी नदीवर बंधारा घातला होता आणि त्याचे चारही दरवाजे वर्षभर बंद ठेवले होते. खाली नदी आटली, खाडीतली मासळी नाहीशी झाली. पण सांगायला जावं, तर दाजीसाहेबांचं एकच उत्तर, "समुद्राला मिळालेलं पाणी वायाच जातं, बाई."

एके दिवशी दाजीसाहेब स्वतः बंधारा बघायला आले, जेवायला कोळीवाड्यात उतरले आणि त्यांनी गोमीबाईला जिताड्याचं कालवण करायला सांगितलं. तिने गरम भात वाढला, शेजारी वाटीभर लालभडक रस्सा ठेवला. दाजीसाहेबांनी वाटी ढवळून पाहिली.

"यात मासा कुठे आहे?"

"जिताडा गोड्या पाण्याच्या ओढीने खाडीत येतो, सरकार. ते वाया जाणारं पाणी तुम्ही वाचवलंत, त्याबरोबर मासाही वाचला."

बरोबरच्या कारकुनांनी माना खाली घातल्या. दाजीसाहेब चिडून म्हणाले, "हे कचेरीत येऊन का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. पण तेव्हा सरकारांचं जेवण झालेलं असायचं."

दाजीसाहेबांनी रस्सा ओतून भात कालवला. "किती पाणी हवं?"

"तीन दरवाजे शहरासाठी बंद ठेवा, एक नदीसाठी उघडा."

तसा हुकूम त्याच दुपारी सुटला. खाडीत मासळी परत आली, शहरात मात्र आठवड्यातून एक दिवस पाणी बंद झालं. तिथे नांदणारी गोमीबाईची लेक तणतणत माहेरी आली, तेव्हा गोमीबाईने कपाळाला हात लावला आणि तिलाही सगळं पहिल्यापासून सांगायला बसली.