शेळीनं राखलेली मेथी

"शेळीच्या राखणीत मेथी? मग आमच्या वाट्याला काय, लेंड्या?" गाढव खिदळलं.

जनावरं माणसांसारखी बोलत-भांडत, त्या काळची ही गोष्ट. गावाबाहेरच्या पडीक उकिरड्यावर सगळ्यांसाठी भाजी पिकवायची, असं म्हाताऱ्या बांडी शेळीनं मनावर घेतलं. तिथलं तण तिनं खाऊन संपवलं, शिंगांनी माती उकरली, मेथी पेरली. आता पाणी वाहायला कुणी आलं नाही, तर सगळं करपणार होतं.

"मेल्या, तोंड उघडण्याआधी डोळे उघड!" बांडी कडाडली.

गाढवानं वाकून पाहिलं. कोवळ्या मेथीचं एकही पान कुरतडलेलं नव्हतं. राखणदारणीच्या बरगड्या मात्र वर आल्या होत्या.

बांडी म्हणाली, "हसून झालं असेल, तर पाठीवर घागरी घे नि ओढ्यावर चल, मेथीला तहान लागलीय."