चिथावणारा कोण?

सुभेदाराने मिठावरचा कर तिप्पट केला, तेव्हा खाडीकाठच्या सात गावांनी मिठागरं सोडून गढीला वेढा घातला. बाहेर गलका वाढत होता. सुभेदाराने वेढ्यातल्या गोमाबाई आगरणीला आत ओढून आणवलं आणि दरडावलं, "गावांना चिथावलं कोणी? नाव सांग. त्याला तोफेच्या तोंडी देतो, भर कचेरीत शब्द देतो!"

बाहेर वेढ्यात गोमाबाईचे दोन्ही लेक होते.

"सरकार, ही गावं बांधांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत होती, एकमेकांशी बोलतही नव्हती. तुमच्या कराच्या हुकुमाने ती एका दिवसात एक झाली. त्या हुकुमावर ज्याचा शिक्का, चिथावणारा तोच."

सुभेदाराने हुकूम मागवला आणि स्वतःच्या हातांनी फाडला.