उपाशी गोधडी

सहजनाथ महाराज केळगणला आले ते कायमचेच राहिले. नदीकाठच्या दत्ताच्या देवळामागे त्यांची धुनी असे. मंडळी, तेव्हा केळगण म्हणजे कबड्डीचं गाव! दिवस कलला की देवळापुढच्या मैदानात पोरं घुमायची आणि महाराज पायरीवर बसून टाळ्या वाजवायचे. पुढे एकेक पोर पोटामागे शहरात गेलं, मैदानात गवत माजलं. घराघरांत खुंटीला राहिले ते त्यांचे विटके टी-शर्ट.

ते टी-शर्ट थेवंताबाईने मागून आणले. बाई एकटी, डोळ्यांनी अधू, गोधड्या शिवून पोट भरणारी. दत्तजयंतीला महाराजांना अंथरायला ह्याच कापडांची गोधडी द्यायची, असं तिच्या मनाने घेतलं. बायका हसल्या. टी-शर्टचं कापड सुईखाली ताणतं, त्याची कुठे गोधडी होते का? पण तिने खाली जुनं लुगडं घातलं, बारीक टाके घातले आणि कापड मुकाट्याने बसलं. शिवताना एकेकाची आठवण निघायची. हा चढाईला निघाला की मांडीवर थाप मारायचा, तो हरला की देवळामागे जाऊन रडायचा. बाईचे डोळे भरून यायचे, मग शेजारणीकडून दोरा ओवून घ्यावा लागायचा.

कोपऱ्यातला पिवळा तुकडा दिनकररावांच्या जयवंताचा होता. दिनकरराव गावातलं बडं प्रस्थ. दुकान सोडून खेळत बसतो म्हणून बापलेकांचं वाजलं आणि 'पुन्हा हा उंबरा चढू नकोस' म्हणून त्यांनी पोराला घालवून दिलं. त्यानंतर तीन-चार दिवाळ्या गेल्या, पोराचा पत्ता नव्हता. कमळाकाकीने, म्हणजे त्याच्या आईने, तो टी-शर्ट पदराआड आणून दिला होता. एवढा तरी महाराजांच्या पायाशी राहू दे, म्हणाली होती बिचारी.

जयंती आठवड्यावर आली तेव्हा थेवंताबाईने गोधडी महाराजांना दाखवायला आणली. कोपरा तेवढा बंद करायचा राहिला होता. दिनकररावही मखमली रजई घेऊन आले होते. "पोरांच्या घामट चिंध्या महाराजांच्या अंगाखाली घालतेस?" असं म्हणून ते हसले. हसता हसताच त्यांना तो पिवळा तुकडा दिसला, त्यावरचा सातचा आकडा दिसला आणि चेहरा पालटला. त्यांनी टाके तोडून तुकडा ओढून काढला आणि धुनीत फेकला!

थेवंताबाईने उसवलेला कोपरा पदराखाली घेतला. महाराज मात्र धुनीकडे बघत राहिले.

घरी ही गोष्ट कळली तशी कमळाकाकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आधीच पोराच्या काळजीने खंगलेली बाई, आता अंथरुणाला खिळली, अन्नाला शिवेना. डॉक्टरांनीही हात टेकले. थेवंताबाई रडत महाराजांकडे आली. सगळा दोष ती स्वतःलाच देत होती. दुसरा तुकडा लावून कोपरा मिटवते, म्हणाली.

महाराज म्हणाले, "बाई, पोट भरल्याशिवाय तू गोधडी कधी बंद केली आहेस का?"

"नाही महाराज. आत भाकरीचा घास ठेवते, मगच शेवटचा टाका. उपाशी गोधडीला ऊब नसते."

"मग थांब. ज्याच्या घरचा घास आहे, तो घेऊन येईल."

दत्तजयंतीच्या सकाळी थेवंताबाई कमळाकाकीच्या उशाशी बसली होती, गोधडी मांडीवर घेऊन. दिनकरराव ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसले होते. इतक्यात दाराशी जयवंत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. एका हातात फडक्यात बांधलेली भाकरी, दुसऱ्या मुठीत पिवळा तुकडा!

तो इचलकरंजीत मागावर कामाला होता. काल दिवेलागणीला महाराज त्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले. तुझ्या घरची गोधडी उपाशी आहे, भाकरी घेऊन जा, असं म्हणून त्यांनी हा तुकडा हातात ठेवला, असं त्याने सांगितलं.

काल दिवेलागणीला? त्या वेळी तर सारा गाव आरतीला जमला होता आणि महाराज सगळ्यांसमोर झांज वाजवत होते. दिनकरराव स्वतः तिथे नवस बोलत उभे होते. त्यांनी तुकडा उलटापालटा करून पाहिला. सातचा आकडा होता, थेवंताबाईचे तुटके दोरे होते, आणि जळाल्याचा डाग कुठेच नव्हता. धुनीच्या राखेचा वास तेवढा येत होता.

 दिनकररावांनी उठून पोराचा हात धरला आणि त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं. जयवंताने घास आईच्या ओठांशी नेला आणि माउलीने तोंड उघडलं.

मग थेवंताबाईला घेऊन बापलेक देवळात आले. दिनकररावांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराज म्हणाले, "माझं राहू द्या. त्या बाईला सुईत दोरा ओवून द्या, तिला दिसत नाही."

ज्या हातांनी टाके तोडले होते त्याच हातांनी दिनकररावांनी सुई घेतली. दोरा पुन्हा पुन्हा चुकला, पण त्यांनी सुई दुसऱ्या कुणाकडे दिली नाही. थेवंताबाईने त्याच भाकरीचा घास आत ठेवला आणि पिवळा तुकडा लावून कोपरा शिवला. दिनकररावांनी ती गोधडी स्वतःच्या हाताने महाराजांच्या आसनावर अंथरली, थेवंताबाईपुढे हात जोडले आणि त्या पिवळ्या कोपऱ्यावर आपलं डोकं टेकवलं.