दुखतोय कोणता?

आमदार डॉक्टर नेर्लेकरांनी भर सभेत विरोधकांना कसं गप्प केलं, ते त्यांचे कार्यकर्ते सांगतील. मी त्यापुढचं सांगतो.

विरोधकांचं म्हणणं एवढंच, की उपचारात चूक झाली तर डॉक्टरची चौकशी व्हावी. नेर्लेकर स्वतःचा हात उंचावून कडाडले, "आम्ही पैशासाठी नाही, सेवेसाठी डॉक्टर झालो! सेवेची कसली चौकशी? पटत असेल त्यांनी हात वर करा!"

मैदानभर हात वर गेले. पिंपळावरच्या माकडानंसुद्धा केला. खोटं वाटेल, पण केला. पहिल्या रांगेतल्या हौसाक्कांचे मात्र दोन्ही हात खाली.

"काय आक्का? तुमचं प्लास्टर मीच घातलंय ना? मग हात का नाही वर?"

हौसाक्का उठल्या. "केला असता की, डॉक्टर. पण मोडलेला हात वर जात नाही, आणि धड हात तुम्ही प्लास्टर घालून गळ्यात बांधलाय."

कुणी हसलं नाही. हात एकेक करून खाली आले, माकडाचाही. सगळ्यात शेवटी नेर्लेकरांचा आला. ते खालमानेनं मंचावरून उतरले, हौसाक्कांसमोर उभे राहिले आणि त्या दिवशी दवाखान्यात विचारायचं राहिलेलं हळूच विचारलं,

"आक्का, दुखतोय कोणता?"