कोरी बशी

एका तालुक्याच्या गावी एक औषधशाळा होती. शिरेतून द्यायची औषधं तिथल्या काचबंद खोलीत भरली जात. त्या खोलीत काम करायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. निर्जंतुक अंगरखा आणि हातमोजे चढवायचे आणि लगेच दहाही बोटं जेलीच्या बशीवर टेकवायची. बशी उबदार कपाटात ठेवली की मोज्यांवरचे जंतू काही दिवसांत ठिपके होऊन उगवत. तीनदा बशी कोरी निघाली की माणूस पास. एक ठिपका दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून.

वैजयंता खरातच्या दोन बश्या कोऱ्या निघाल्या होत्या. तिसरी निघाली की नोकरी कायम होणार होती. तिच्या सासूबाईंनी तर ही बातमी आळीभर आधीच सांगून टाकली होती.

तिसऱ्या वेळी शिकवणाऱ्या इंदुताई बर्वे पाठमोऱ्या बसून चिठ्ठीवर नाव लिहीत होत्या. वैजयंताने सवयीने मोज्यांवर स्पिरिट चोळलं आणि मग बोटं टेकवली. एरवी ही सवय गुणाचीच. पण बशीवर बोटांचा नमुना देताना स्पिरिट लावायला सक्त मनाई होती, कारण जे शोधायचं तेच स्पिरिटने मरून जातं. बोटं उचलल्यावर हे तिच्या ध्यानात आलं, पण ती गप्प राहिली.

बशी कोरी निघाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. वैजयंताला मात्र डबा गोड लागेना. बरोबरीची नलू म्हणाली, हात स्वच्छच असणार, उगाच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? वैजयंतालाही ते पटवून घ्यायचं होतं. पण बशीकडे पाहिलं की वाटे, हिला माझ्या हाताचं काहीच ठाऊक नाही. आणि ज्याच्या शिरेत औषध जाईल, तो बिचारा तर डोळे मिटून हात पुढे करणार.

शेवटी ती इंदुताईंसमोर उभी राहिली. "ताई, तिसरी बशी खरी नाही. मी आधी स्पिरिट लावलं होतं."

इंदुताईंनी निकालावर काट मारली. कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलं. घरी सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, आणि या वेळी बशीवर चार ठिपके उगवले, सगळे उजव्या अंगठ्याच्या जागी. इंदुताईंनी तिला समोर मोजे चढवायला लावले. डावा मोजा ओढताना उजवा अंगठा उघड्या मनगटाला पुसटसा लागत होता. कधी लागे, कधी नाही.

तिने हात सुधारला. तीन बश्या कोऱ्या निघाल्या. नोकरी कायम व्हायला मात्र आणखी सहा महिने गेले. त्या दिवशी इंदुताईंनी नमुन्यांचं कपाट तिच्या ताब्यात दिलं.

"नव्या माणसांचे नमुने आता तू घे," त्या म्हणाल्या. "स्वतःचा निकाल खोटा ठेवला नाहीस, दुसऱ्याचाही ठेवणार नाहीस."

तात्पर्य: आपली चूक सापडावी म्हणून परीक्षा असते; तिला चकवून पास झालेल्याची चूक तशीच राहते आणि तिचे भोग दुसऱ्याच्या वाट्याला येतात.