न फोडलेल्या बाटलीची चव

"बाटली उघडायची नाही, पण चव मला कळलीच पाहिजे!" भुजंगराव राजांनी हट्ट धरला.

बाटली होती कोन्याकची, म्हणजे उंची विलायती दारूची. खुरशेदशेठ व्यापाऱ्यानं ती दूरदेशाहून मागवलेली. राजांनी जन्मात कोन्याक चाखली नव्हती. घ्यायची हौस दांडगी, पण आवडली नाही तर? आणि शेठ म्हणे, "बुचावरची लाख फोडली की बाटली तुमची, महाराज. मग परत नाय घेणार!"

"चव कळेपर्यंत मी जेवणार नाही!" राजे अडून बसले.

झालं! राजा जेवल्याशिवाय राजवाड्यात कुणी जेवायचं नाही, ही रीत. दोन दिवस चुली थंड. मुख्य आचारी म्हणाला, "गोड असेल." राजे गरजले, "असेल?" आचारी त्याच पावली नोकरीवरून गेला.

मसाले कुटणाऱ्या ठकूबाईची सूनही वाड्यातच कामाला, सात महिन्यांची पोटुशी. भुकेनं तिला भोवळ आली. ठकूबाईनं मुसळ टाकलं, पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"मी सांगते चव!"

"चुकलीस तर नोकरी जाईल. तुझी आणि सुनेचीही."

"जाऊ दे! उपाशी नोकरी कुणाला हवीय?" मग ती शेठकडे वळली. "कशाची केलीय?"

"द्राक्षांची. भट्टीतून दोनदा काढलेली."

"ठेवलेली कशात?"

"लाकडी पिंपात. बारा वर्षं."

"बारा वर्षं! म्हणजे चांगली मुरलीय. महाराज, डोळे मिटा. आधी नाकाला झोंबेल, सुंठ कुटताना झोंबते तशी. शिंकू नका! मागून येतील मनुका, तुपात टम्म फुगलेल्या. मग गुळाचा पाक, करपायच्या बेताला आलेला. त्यावर किसलेलं जायफळ. शेवटी जुन्या सागवानी पेटीचा वास. आणि गिळलंत की छातीत निखारा, राखेखालचा. ऊब देतो, भाजत नाही."

गटक!

"ऐकलंत सगळ्यांनी? महाराजांनी गिळलं!"

"मी? काय गिळलं?"

"ते तुम्हीच सांगा! चव आल्याबिगर कोण गिळतं? लाख शाबूत, बाटली भरलेली, आणि चव महाराजांच्या घशाखाली!"

"अगं, ते भुकेनं पाणी सुटलं!"

"भुकेनं? मी भाकरीचं नाव तरी काढलं का?"

दरबार खो खो हसला. राजांनी स्वतःच लाख फोडली, घोट घेतला, डोळे मिटले.

"सुंठ... मनुका... पाक... ठकूबाई, जायफळ कुठंय?"

"दम धरा, महाराज. रांगेत आहे ते!"

राजांचे डोळे एकदम विस्फारले. "आलं! आलं!"

"वीस वर्षं विकतो मी," शेठ पुटपुटला, "पण असं सांगता नाय आलं कधी!"

राजे पोट धरधरून हसले. "नावाचीच ठकू! बाटली न फोडता राजाला ठकवलंस. बोल, काय देऊ?"

"आधी पानं वाढायचा हुकूम द्या. आणि त्या बिचाऱ्या आचाऱ्याला परत बोलवा, नाहीतर पानांवर वाढायचं काय?"

राजांनी आचाऱ्याला बोलावणं धाडलं, गळ्यातली मोत्यांची माळ ठकूबाईच्या ओंजळीत टाकली आणि त्या दिवसापुरती रीत मोडली. पहिलं पान वाढलं ते तिच्या सुनेचं. राजांचं दुसरं!